कानांवर हात

बस असा दिव्याजवळ. पायांवर धूळ आणि मुठीत घट्ट धरलेलं तांब्याचं नाणं दिसलं की मला काही विचारावं लागत नाही. आमच्या गावी परका माणूस एकाच कामाला येतो, चौकातल्या हर्मीसला कौल लावायला. कौल लावायचा तर देवापुढचे दिवे भरायला तेल हवं, आणि तेल माझ्याचकडे मिळतं. देते. पण हे तेल घट्ट आहे, बुधल्यात उतरायला वेळ घेतं. तोवर माझं थोडं ऐकून घे. मग खुशाल जा.

रीत तुला वाटेत कुणीतरी सांगितलीच असेल. दिवेलागणीला यायचं, धूप जाळायचा, दिवे भरून पेटवायचे, नाणं ठेवायचं आणि त्या दाढीवाल्या दगडाच्या कानात आपला प्रश्न कुजबुजायचा. मग दोन्ही कान हातांनी गच्च दाबून चालू लागायचं. चौकाच्या फाटकाबाहेर पडलं की हात काढायचे. माणसाच्या तोंडचं जे पहिलं बोलणं कानावर पडेल तो देवाचा कौल. मग ते तोंड शहाण्याचं असो की शेंबड्या पोराचं. माझी आई म्हणायची, हर्मीसला स्वतःचं तोंड नाही, म्हणून तो रस्त्यावरच्या कुणाचंही तोंड उसनं घेतो.

उसनं घेतो म्हणायची ती. भाड्याने घेतो असं नाही म्हणाली कधी.

मेलिता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, तेव्हापासून पोर माझ्याकडे, या बुधल्यांच्या रांगेतच वाढली. तिचं लग्न मी ओढ्यापलीकडच्या अगेआसशी लावून दिलं. माणूस सरळ होता, द्राक्षाचा मळा होता, दोन वेळचं सुख होतं. गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात तो तापाने गेला आणि मेलिताच्या पोटात तेव्हा मूल होतं. मुलगा झाला तर मळा त्याचा, नाहीतर अगेआसच्या थोरल्या भावाचा, लिकिस्कोसचा. एवढं सांगितलं की पुढचं तुझ्या ध्यानात आलंच असेल. ते सगळ्या गावाच्या ध्यानात आलं होतं. अख्खं गाव मूग गिळून बसलं, ही गोष्ट वेगळी.

चितेची राख निवते न निवते तोच लिकिस्कोस पंचांपुढे रडू लागला, की भावजयीने माझ्या भावाला विष घातलं. काय रडला म्हणून सांगू! मेलेल्या भावाला जिवंतपणी त्याने कधी हंडाभर पाणी उसनं दिलं नव्हतं. त्याच रात्री त्याची माणसं मेलिताच्या दाराशी घुटमळताना दिसली, आणि पोर मागच्या दाराने निसटून टेकडीवरच्या दिमीतर आईच्या देवळात जाऊन बसली. लोकर गुंडाळलेली जैतुणाची फांदी हातात धरून जो आईपुढच्या ओट्याला बिलगला, त्याच्या अंगाला कोणी बोट लावायचं नाही. ओढून बाहेर काढलं तर साऱ्या गावाला विटाळ, पीक जळेल, गुरं गाभडतील. लिकिस्कोसलाही ते ठाऊक होतं. तो देवळाच्या फाटकाशी उभा राहून दात खायचा आणि परत जायचा.

त्या दिवशी मी नेहमीसारखी जवाची भाकरी आणि सुके अंजीर घेऊन टेकडी चढले. द्राक्षतोडणी उरकली होती, हवेत आंबलेल्या रसाचा वास होता. मेलिता ओट्याला टेकून पाय पसरून बसली होती. नववा लागला होता.

"मावशी, पाय बघ कसे झालेत."

"थोडी कळ काढ गं. मूल झालं की सगळं मिटेल."

"इथं होऊ देणार नाहीत. पुजारीणबाई सकाळी येऊन गेली. म्हणाली, या आवारात कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. दोन्हींचा विटाळ आईला चालत नाही."

"आईला चालत नाही? सगळ्या जगाची आई ती, आणि तिला बाळंतपण चालत नाही! कळा सुरू झाल्या की तुला कोण हात लावतो ते बघतेच मी."

ती हसली. "मुलगा झाला तर त्याला तुझ्यासारखं भांडायला शिकवीन."

"आणि मुलगी झाली तर?"

"तिला शिकवावं लागणार नाही."

तिने माझा हात पोटावर नेऊन ठेवला. आतून टाच लागली, चांगली जोरात. मी भाकरी मोडून दिली आणि खाली आले. गावात पोचले तर पंच जमलेले. आत बाळंतपण झालं तर विटाळ, ओढून काढली तरी विटाळ, यावर घोळ चाललेला. तेवढ्यात लिकिस्कोस उठला. कसा गरीब चेहरा केला होता त्याने!

"मी तिचा वैरी आहे का? माझ्या भावाची ती बायको. आपण कशाला ठरवायचं? हर्मीसला विचारू. क्रातोन आजोबांनी विचारावं, त्यांच्याएवढा निर्मळ माणूस गावात नाही. देव म्हणाला बस, तर बसू दे. देव म्हणाला ऊठ, तर उठेल."

हे मात्र खरं, क्रातोन आजोबांनी जन्मात खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणूनच त्यांना पुढे केलं. चोराने वाट विचारायला नेहमी साधूलाच पाठवावं.

आता हे माझं दुकान, हा चौक, आणि ते समोर फाटक. फाटकाबाहेर डावीकडे जनावरांचा गोठा आहे, पाण्याची डोणी आहे. त्या गोठ्यात लिकिस्कोसच्या मळ्यावरचा गाढववाला दुपारपासून बसून होता. गाढवीच्या पाठीवर ओझं नाही, टोपली नाही. मी त्या दुपारी जाता जाता त्याला विचारलंही होतं.

"का रे, आज मळ्यात काम नाही वाटतं?"

"मालकांनी इथं बसायला सांगितलंय."

"कशाला?"

"गाढवीला विचार, बाई." असं म्हणून तो दात काढून हसला.

दिवे लागले. क्रातोन आजोबांनी माझ्याकडचंच तेल घातलं. थरथरत्या ओठांनी दगडाच्या कानात प्रश्न सांगितला आणि कान दाबून चालू लागले. सगळा चौक चिडीचूप. आयांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. म्हाताऱ्याच्या पायाखालची वाळकी पानं तेवढी चुरचुरत होती. ते फाटकाबाहेर पडले आणि मला इथून दिसलं, लिकिस्कोसने दाढीवरून हात फिरवला. आजोबांचे हात कानांवरून सुटले आणि त्याच क्षणी गाढववाल्याने गाढवीच्या पाठीत थाप मारून तिला गोठ्यातून ओढली.

"नीघ गं बाहेर! कोणी मारत नाही तुला!"

मी ओरडले. हातातलं माप टाकून, तेल सांडून, धावत फाटकापर्यंत ओरडत गेले. "अरे, हा त्याचा माणूस आहे! दुपारपासून दबा धरून बसलाय! विचारा त्याला, गाढवीवर ओझं कुठंय ते विचारा!" घशातून रक्त येईलसं वाटलं. पण पहिला शब्द पडून गेला होता. नंतर जे काही येतं त्याला आमच्याकडे किंमत नसते.

"पहिलं देवाचं, दुसरं बायकांचं, फिलिस्ताबाई!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. मला पोरकं झाल्यासारखं वाटलं, बाबा, तेव्हा. आयुष्यभर ज्यांच्या घरचे दिवे माझ्या तेलावर जळले, ते हसले.

सगळे टेकडीवर गेले. मीही गेले. फाटकाच्या आत एकटे क्रातोन आजोबा गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. "पोरी, या माझ्या कानांनी ऐकलं. देव म्हणाला, बाहेर नीघ, तुला कोणी मारत नाही."

मेलिताने माझ्याकडे पाहिलं.

"येऊ नकोस!" मी म्हणाले. "तो देव नव्हता. यांचा गाढववाला होता. उठू नकोस, मेलिता…"

"पण मावशी…" तिचा आवाज किती थकला होता. "क्रातोन आजोबा खोटं नाही बोलणार. आणि मला आडवं व्हायचंय गं. नुसतं आडवं व्हायचंय. दगड पाठीला रुततो."

तिने लोकरीची फांदी ओट्यावर ठेवली आणि आपल्या पायांनी बाहेर आली. कुणी ओढली नाही. सगळा डाव तेवढ्यासाठीच तर होता. लिकिस्कोस पुढे झाला आणि किती मऊ आवाजात म्हणाला, "चल मेलिता, सावकाश. घर झाडून ठेवलंय." मी तिच्या मागे निघाले तर दोघांनी माझे दंड धरले. "तू कशाला मध्ये? दीर-भावजयीचं मिटतंय ना?" असं म्हणत धरूनच ठेवलं, ती ओढ्याच्या उतारावर दिसेनाशी होईपर्यंत.

सकाळी ती ओढ्यात सापडली. पाय घसरला म्हणे. ज्या पोरीने लहानपणापासून त्याच उतारावरून डोक्यावर घागर घेऊन ये-जा केली, तिचा पाय घसरला! लिकिस्कोसच्या मनगटावर ताजे ओरखडे होते. विचारलं तर म्हणाला, द्राक्षाच्या वेलांनी ओरबाडलं. द्राक्षवेलाला काटे केव्हापासून फुटायला लागले? पण हे विचारणारी मी एकटी. तिला ओल्या चादरीत गुंडाळली तेव्हा मी तिच्या पोटावर हात ठेवून पाहिला. गार होतं.

मग मी दारोदार गेले. क्रातोन आजोबांकडे गेले, ते म्हणाले, "देव जे बोलला ते मी सांगितलं. पुढचं मला काय ठाऊक?" पुजारीणबाईकडे गेले, ती म्हणाली, "आवाराच्या बाहेर झालं ना? मग आईला विटाळ नाही." पंच म्हणाले, कुणी मारत नाही असं देव म्हणाला होता आणि कुणी मारलं नाहीच, घसरून पडली, कौल खराच ठरला. आणि तुला सांगते, त्या साऱ्यांनी डुकराच्या पिलाचं रक्त शिंपडून गाव शुद्ध करून घेतलं आणि त्याच दुपारी शिजवून खाल्लंही! कौल लावताना घटकाभर कान झाकायचे असतात, माझ्या गावाने ते कायमचे झाकून घेतले. मळा लिकिस्कोसला मिळाला. हर्मीसपुढचे ते नवे काशाचे दिवे त्यानेच दिलेत. तू हे तेल त्यातच ओतणार आहेस.

माणसांवरचा राग थकतो कधीतरी. माझा देवावर गेला. ज्याच्या नावाने खोटं बोललं गेलं तो तसाच चौकात दगडासारखा… दगडच तो, पण माझ्या आईने सांगितलं होतं की ऐकतो. मेलिताला जाऊन महिनाही झाला नव्हता. एका दिवेलागणीला मी माझंच तेल घेतलं, दिवे भरले, नाणं आपटलं आणि त्याच्या थंड कानाला तोंड लावलं. हळू बोलायचं असतं, मी दात आवळून बोलले. "तुझं नाव घेऊन तिला मारलं. तू गप्प का बसलास?"

कान झाकले आणि निघाले. कान झाकले की आत एक घोंघावणं ऐकू येतं बघ, रक्ताचं. त्या दिवशी तेसुद्धा नव्हतं. नुसती पोकळी. फाटकाबाहेर आले, हात काढले. डोणीशी तीन बायका पाणी भरत होत्या. त्यांची तोंडं हलत होती, एक मागे मान टाकून हसत होती. घागरीत पाणी पडल्याचा आवाज आला. गोठ्यात गाढवाने नाक फुरफुरवलं, ते ऐकू आलं. वाऱ्यावर एक पान दगडावरून सरपटत गेलं, तेही. बायकांचा शब्द मात्र नाही. मी जवळ गेले. त्यातली एक माझ्याशीच बोलत होती… ओठ, दात, जीभ सगळं दिसत होतं… आणि आवाज नाही.

तेव्हापासून असंच आहे. मी बहिरी नाही. या तेलाची गुळगुळ मला ऐकू येतेय, तुझ्या वहाणेखाली खडा करकरला तोही आला. माणसाच्या तोंडचं बोलणं तेवढं माझ्यापर्यंत पोचत नाही. तू मघापासून दोनदा काहीतरी विचारलंस, बाळा. रागावू नकोस. मला कळलं नाही.

पहिल्यांदा मी घाबरले. मग लक्षात आलं. त्याने माझा प्रश्न परत केलेला नाही. उत्तर द्यायचंय त्याला, आणि ज्या तोंडून द्यायचंय ते तोंड अजून तयार नाही. तोवर दुसऱ्या कुणाचा शब्द माझ्या कानात पहिला पडू नये, भाड्याचा तर नाहीच नाही, म्हणून वाट मोकळी करून ठेवलीय त्याने.

हे मला कसं कळलं, ते सांगते. थंडी पडायला लागली तेव्हा, मेलिताचे दिवस जेव्हा भरले असते तेव्हा, मी दिमीतर आईच्या देवळावरून येत होते. सांज झाली होती. आवारात कुणी नव्हतं. ओट्यामागून रडणं ऐकू आलं. कोवळं, चिरकं, नुकतंच हवेत आलेल्या जिवाचं. मी धावत आत गेले. ओट्यामागे काही नाही. मेलिता जिथे पाठ टेकून बसायची तिथला दगड ओला होता. मी बोट लावून हुंगलं. दुधाचा वास होता.

जिथे कुणी जन्मायचं नाही, तिथेच.

पुजारीणबाईला हाताला धरून आणलं. तिने कान देऊन ऐकलं, मान हलवली, माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं. देवळावरच्या पारव्यांनी मात्र ती वळचण सोडलीय. मी रोज जाते. थंडीभर ते नुसतं रडायचं. वसंतात हुंकार द्यायला लागलं. उन्हाळ्यात स्वतःशीच खिदळायचं, आणि मला, काय सांगू, भीती वाटायची आणि तरी पदर ओला व्हायचा. पोराला कुणी खेळवत असल्याखेरीज ते तसं खिदळत नाही. कोण खेळवतंय ते मी बघायला गेले नाही. ओट्याच्या अलीकडेच बसते.

लिकिस्कोस आधी मला हसायचा. म्हातारी दगडाशी बोलते म्हणून हातवारे करून लोकांना दाखवायचा. यंदा तोडणीच्या दिवसांत तो एकदा फाटकाशी आला, हसायलाच आला असेल. मी ओट्याशी बसले होते. आतून ते ‘ब ब ब’ करत होतं. तो एकदम थांबला. त्याचा चेहरा मी उजेडात पाहिला, त्यालाही ते ऐकू आलं होतं. आता तो मळ्यात जायला टेकडीला वळसा घालून लांबची वाट धरतो, आणि गाववाल्यांना वाटत असेल, वय झालं, चढ झेपत नसेल. वाटू देत. यांना कधी काही दिसलंय का?

गावात कौलाला गर्दी वाढलीय. हा देव खरा, असं दूरदूर सांगत असावेत. तूही तेच ऐकून आला असशील. तुझी काय अडचण आहे ती तू मला सांगितलीस तरी मला ऐकू यायची नाही, पण चेहऱ्यावरून घरी कुणीतरी आजारी असावं. जा, विचार. फाटकाबाहेर गोठ्यात कोण बसलंय ते मात्र आधी डोकावून बघ, आणि कुणी बसलं असलं तर दुसऱ्या दिवशी ये.

बुधला भरला. घे. नाणं राहू दे, दिव्यापुढे ठेवायला लागेल तुला. मला आता दुकान बंद करायचंय, दिवेलागण झाली आणि मला टेकडीवर पोचायचंय. उशीर करून चालायचं नाही. ते आता बोलायला लागलंय, आणि त्याचा पहिला शब्द मला चुकवायचा नाही.

काल ‘मा’पर्यंत आलं होतं.